शहापूरची गल्ली सुटली, लेआऊटमध्ये करमेना. घर विकू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या. लग्नानंतरची सगळी वर्षं बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीत, एकत्र घरात गेली. मग वाटण्या झाल्या. जुनं घर धाकट्या दिराकडं राहिलं. यांनी वाट्याला आलेल्या पैशांत कर्जाची भर घालून हिंडलग्याच्या पुढं, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला एका नव्या लेआऊटमध्ये तीस-चाळीसच्या प्लॉटवर घर बांधलं. राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण निम्मे प्लॉट अजून रिकामे आहेत. यजमान उद्यमबागेत कामाला, सकाळी सातलाच बाहेर पडतात. मुलं खूश आहेत; मुलीला पहिल्यांदाच अभ्यासाला वेगळी खोली मिळाली. सासूबाई (वय ७२, माहेर उचगाव) मात्र ‘इथं माणसाचा आवाजच न्हाई’ म्हणत निम्मा महिना धाकट्याकडं जाऊन राहतात. त्यामुळं ‘थोरलीनं सासूला सांभाळलं नाही’ अशी कुजबुज भावकीत सुरू झालीय. शेजारी ‘बहुतेक कानडी, गेट लावून बसणारे’. कोपऱ्यावरचा दिवा कित्येक महिने बंद, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी. यजमानांना वर मजला चढवून भाड्यानं द्यायचाय. ताईंना वाटतं, सासूबाईंसाठी हे घर विकावं आणि टिळकवाडीत फ्लॅट घ्यावा. ‘विकावं, की सगळ्यांनी मन मारून इथंच राहावं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती आधी सांगते. हे सगळं सासूबाईंसाठी चाललंय असं तुम्ही लिहिता. पण सासूबाईंनी त्यांची वाट शोधलीय. करमेना झालं की पिशवी भरतात आणि शहापूर गाठतात. अडकून पडलाय तुम्ही. यजमान सातला जातात, मुलं आठला. मग संध्याकाळपर्यंत तुम्ही आणि समोरचा रिकामा प्लॉट. ‘मला इथं करमत नाही’ एवढं एक वाक्य तुमच्या लांबलचक पत्रात कुठंच नाही. यजमानांनाही तुम्ही ते सांगितलं नसणार, असा माझा अंदाज आहे.

स्वतःची अडचण सासूच्या नाहीतर मुलांच्या नावावर मांडायची आपल्याला सवय असते, कारण तशी मांडली की घरात ऐकून घेतली जाते. पण मग उत्तरही सासूच्या अडचणीला मिळतं. उद्या यजमान म्हणाले, ‘आईला कायमचं धाकट्याकडं राहू दे की, तिला तिथंच बरं वाटतंय’, तर तुमच्याकडं बोलायला काय उरेल? म्हणून घर विकायचा विषय काढण्याआधी, आपल्यालाच इथं जड जातंय हे घरात बोलून टाका. भांडणाच्या सुरात नको, आणि भावकीतली कुजबुज मध्ये आणू नका.

आता गल्लीकडं येऊ. तिथली माणसं चांगली होती आणि इथली तशी नाहीत, असं तुम्ही धरून चालला आहात. माझं मत थोडं वेगळं आहे. गल्लीतली माणसं एकमेकांच्या दारात यायची ती बऱ्याचदा गैरसोयीपायी. पाणी दिवसाआड, तेही अवेळी. मग नळ आला की जो जागा असेल तो शेजाऱ्याची कडी वाजवणार. भिंत दोघांत एक, त्यामुळं इकडच्या गिलाव्याला ओल आली की तिकडं विचारायला जाणं आलं. कोणाच्या घरी लग्न निघालं की मांडवानं रस्ता अडायचा, मग गाड्या कुठं लावायच्या यावर अख्खी गल्ली बोलायची. भांडणंही त्याच कारणांनी व्हायची. ती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण वीस वर्षांत नळावरून, कचऱ्यावरून, गणपतीच्या वर्गणीवरून एकही भांडण झालं नाही असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. बेळगावच्या काही भागात २००८ पासून चोवीस तास पाणी आलं, तेव्हा आपण सगळ्यांनीच ‘सुटलो’ म्हटलं. सुटलोच. पण नळाला कायम पाणी असलं की नळापाशी थांबायला कोण जाणार?

लेआऊटमध्ये प्रत्येकाची टाकी वेगळी, मोटर वेगळी, चारी बाजूंनी कंपाउंड. कुणाचं कुणावाचून अडत नाही. माणसं माणूसघाणी आहेत म्हणून गेट बंद, असं धरू नका. कित्येकदा गेट बंद असतं ते कुत्र्यांमुळं, आणि आत बसलेलीलाही वाटत असतं की समोरचीचं गेट बंद आहे. तुमच्या समोरच्या घरातल्या बाईंनी मला पत्र लिहिलं असतं, तर त्यात तुमचं वर्णन ‘बहुतेक मराठी, गेट लावून बसणारे’ असंच आलं असतं.

भाषेचं म्हणाल तर ही आपली दुखरी नस आहे, मला ठाऊक आहे. १९५६ पासून या भागातल्या घराघरांत सीमाप्रश्नाचा विषय आहे आणि एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव, जवळ आला की लेआऊटमधलीही हवा बदलते. मराठीत सरकारी कागद मिळावेत ही मागणी हक्काची आहे, ती सोडायचं कारण नाही. पण शेजारणीशी बोलायला सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट कशाला बघायची? तुम्ही शहापूरच्या. तिथल्या विणकर गल्ल्यांत एका घरात मराठी, शेजारी कन्नड, तिसऱ्या घरात दोन्ही मिसळून, असंच चाललं होतं. खडेबाजारात भाव करताना तुम्ही कधी अडला नसाल. इथं अडता, कारण समोरची बाई गोकाकची किंवा बैलहोंगलची आहे आणि ती कुणाची कोण हे सांगणारं मध्ये कुणी नाही. गल्लीत नवी सून आली की तिचं माहेर, मामा, आत्या सगळं चार दिवसांत सर्वांना कळायचं. लेआऊटमध्ये ते काम करणारी म्हातारी माणसं नसतात. जी असतात तीही, तुमच्या सासूबाईंसारखी, निम्मा महिना जुन्या घरी.

मग गेट कसं वाजवायचं? उगाच ‘ओळख करून घ्यायला आले’ म्हणून जायला संकोच वाटतो, आणि समोरचीलाही यांना काय हवंय कळत नाही. काही काम काढून जा. काम तर तुमच्या कोपऱ्यावरच लोंबतंय: बंद पडलेला दिवा.

दिव्याच्या अर्जासाठी आधी एक गोष्ट शोधा. तुमची लेआऊट सध्या कुणाच्या ताब्यात आहे? हा प्रश्न बेळगावभोवतीच्या प्रत्येक नव्या वस्तीतल्या वाचकांनी विचारावा: कंग्राळी, बेनकनहळ्ळी, पिरनवाडी, मच्छे, सगळीकडं तीच तऱ्हा. जमीन पंचायतीच्या हद्दीत, नकाशा बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून) मंजूर, रस्ते-गटारं-दिवे बिल्डरनं केलेले. ते रीतसर हस्तांतरित झालेत का? झाले नसतील तर पंचायत म्हणते बिल्डरला विचारा, बिल्डर म्हणतो मी कधीच काम संपवलं, आणि दिवा बंदच राहतो. पंचायतीत जाऊन हस्तांतराचा ठराव झालाय का ते विचारा. झाला असेल तर दिव्याचा अर्ज पंचायतीकडं द्या. झाला नसेल तर अर्ज बिल्डरला आणि प्रत बुडाला. लेआऊट २०१७ नंतरची असेल तर रेरा कर्नाटकच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तिची नोंद आणि मंजूर नकाशा सापडायला हवा, कारण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पाला ती नोंदणी सक्तीची आहे. नकाशा मिळाला की बागेची जागा कुठं दाखवलीय तेही बघून घ्या. त्या जागेवर उद्या कुणी शेड ठोकली तर निदान तुम्हाला माहीत असेल. आणि लाइटच गेली असेल, म्हणजे खांबावरच्या दिव्याचा नव्हे तर पुरवठ्याचा प्रश्न असेल, तर हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, १९१२ क्रमांक आहे.

अर्ज कन्नडमध्ये दिलात तर पंचायतीत तो लवकर हलेल. तो लिहून घ्यायला समोरच्या बाईंकडं जा. ‘मला बोलता येतं, पण लिहायला जमत नाही, एवढं लिहून द्याल का?’ इतकंच म्हणा. नंतर सह्या गोळा करायला त्यांना बरोबर घ्या. पंधरा-वीस घरांची दारं एका संध्याकाळी वाजतील. प्रत्येक दारात दिव्याबरोबर आणखी चार तक्रारी निघतील आणि कोण कुठं नोकरीला आहे, कुणाची म्हातारी आजारी आहे, हेही कळेल. हिंडलग्याच्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेली बरीच मंडळी राहायला आलेली आहेत. तुमच्या लेआऊटमध्ये असा एखादा सुभेदार असला तर सह्यांचा कागद त्याच्या हातात द्या, पाठपुरावा तो सोडणार नाही.

यातून व्हॉट्सॲपचा ग्रुप निघेलच, टळत नाही. त्यात पाणी, वीज, कचरा आणि हरवलेली मांजरं एवढंच चालेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. झेंडे, निवडणुका आणि सकाळच्या शुभेच्छा आल्या की तो ग्रुप महिन्याभरात मरतो, किंवा मग भांडायला जिवंत राहतो.

सण आहेतच. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलात तर त्या घरातही एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तिळगूळच, तयार असणार; दार का वाजलं हे समजावून सांगावं लागणार नाही. नागपंचमीला त्यांच्याकडून उंडी, म्हणजे लाडू, येतील. तुम्ही फक्त डबा रिकामा परत करू नका. भिशी मात्र एवढ्यात नको. जिथं पुरती ओळख नाही तिथं पैसे आणले की ओळख व्हायच्या आधीच बिघडते.

रस्त्यावरच्या पाण्याचं दुखणं दिव्याइतकं सोपं नाही. तुमच्या पत्रातून जागा नेमकी कळत नाही, पण बेळगावभोवती जिथं जिथं भाताची शेतं मोडून लेआऊट झाल्या, तिथं पावसाळ्यात हे होतंच. भाताचं वावर बांध घालून पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेलं असतं. जास्तीचं पाणी कुठल्या बाजूनं सोडायचं हे शेतकऱ्याला माहीत असायचं, आणि नेमका तोच ओहोळ प्लॉट पाडताना बुजवला जातो. त्या जमिनीचा जुना मालक अजून आसपासच राहत असेल. त्याला जूनच्या आत एकदा बोलावून पाणी पूर्वी कुठून जायचं ते विचारा. पाण्याची वाट प्रत्यक्ष दाखवता आली तर पंचायतीकडं नुसत्या गटाराच्या तक्रारीपेक्षा तुमचं म्हणणं ठोस होईल. रिकाम्या प्लॉटांवरच्या काँग्रेस गवताचंही तसंच. मालक पुण्यात नाहीतर गोव्यात असतात, पण त्यांची नावं पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत असतात. नोटीस पंचायतीनं काढायची असते, तुम्ही फक्त मागे लागायचं.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात एका ओळीत त्यांचं माहेर उचगाव असल्याचं येतं आणि तुम्ही पुढं निघून जाता. अहो, तुमच्या लेआऊटवरून त्याच रस्त्यानं उचगावला जायचं! शहापूरपेक्षा आज त्या माहेराजवळ राहतात. त्यांच्या भावाची मुलं, भाचेसुना तिथं असतीलच. मंगळवारी किंवा शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला जाणाऱ्या बायका याच रस्त्यावरून जातात. तुम्ही कधी त्यांना ‘चला, उचगावला जाऊन येऊ’ म्हटलंय का? या वयात माहेरी आपणहून कसं जायचं, याचा संकोच बाईला असतो. सुनेनं नेलं तर जाता येतं. सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन त्या बाजूनं बायका शहरात येतात. त्यांतल्या कुणाला सासूबाई ओळखत असतील, निदान तिच्या आईला तरी. रताळ्याच्या हंगामात भाव ठरवायचं काम त्यांच्याकडं द्या आणि मध्ये बोलू नका.

शहापूरला जाणंही थांबवू नका. फक्त ते रुसून जाणं राहू नये. धाकट्या दिराशी आणि जावेशी बोलून ठरवून टाका: आठवड्याचे हे दोन-तीन दिवस तिकडं, बाकी इकडं. औषधाचे डबे दोन्हीकडं ठेवा. ठरवलेली गोष्ट असली की भावकीला कुजबुजायला फारसं काही मिळत नाही. बसचं म्हणाल तर जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना शक्ती योजनेखाली तिकीट लागत नाही. कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र बरोबर असलं की झालं. स्टँडवर बस बदलावी लागेल. सुरुवातीला मुलाला बरोबर पाठवा. ७२ वर्षांच्या बाईला रस्ता ठाऊक असतो, नव्या थांब्याचाच काय तो गोंधळ होतो.

राहिला टिळकवाडीचा फ्लॅट. तुम्हाला टिळकवाडी ‘भरलेली’ वाटते ती आज. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन त्याच भागात भरलं, तेव्हा तिथं अधिवेशनाचं गाव वसवायला पुरेशी मोकळी जागा होती, आणि पाण्यासाठी विहीर खणावी लागली. काँग्रेस विहीर आपण आजही बघतो. तिथं आधी राहायला गेलेल्यांनाही शहर लांबच वाटलं असणार. आणि आज तिथल्या अपार्टमेंटमध्ये तुम्हाला गल्ली मिळेल, ही आशा धरू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कट्टा नसतो. सासूबाई लिफ्टनं एकट्या खाली उतरतील का, याचाही विचार करा. माझा कल विचाराल तर सध्या विकू नका.

पैशांची बाजूही बघा. राहायला येऊन तीन वर्षं झालीत. ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर यजमानांनी कर्जाच्या मुद्दलावर आयकराच्या ८०सी कलमाखाली घेतलेली करसवलत उलटते आणि ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. नवा फ्लॅट ४५ लाखांच्या वरचा असेल तर ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि वर २ टक्के नोंदणी शुल्क, म्हणजे निव्वळ कागदांवरच तीन लाखांहून अधिक जातील. विकायचं ठरलंच तर ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, आधी करून ठेवावा लागेल, त्याशिवाय नोंदणी होत नाही. पंचायतीकडून मिळालेल्या उताऱ्यात फॉर्म ९ बरोबर ११ अ आहे की एकटा ११ ब, हे आजच बघा. ११ ब म्हणजे रीतसर मंजुरी नसलेली मालमत्ता, तिचा भाव पडतो. लेआऊटमध्ये प्लॉट घेऊ पाहणाऱ्या इतर वाचकांनी तर हे इसारा देण्याआधीच बघावं. बिल्डरच्या ऑफिसातल्या रंगीत नकाशावर बाग हिरवी असते, ती मंजूर नकाशावर आहे का ते तपासावं.

घर कुणाच्या नावावर आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. एकट्या यजमानांच्या असेल तर आता कर्जाचे कागद बाहेर निघतील तेव्हा तो विषयही काढा. मजला चढवायला बँकेकडं जाणारच आहात, तेव्हाच विचारायला सोपं पडेल.

आणि त्या मजल्याला इतका विरोध का? तुम्हाला तो यजमानांचा हट्ट वाटतो, हप्ता वाढेल ही भीतीही खरी आहे. भाड्यातून वाढीव हप्त्याचा निदान मोठा भाग निघेल का, हे या भागात सध्या काय भाडं येतं ते विचारून कागदावर मांडा. निघत नसेल तर थांबा. पण हिशेब जमत असेल तर वर एक घर नांदतं होईल. केएलईच्या हॉस्पिटलातल्या नर्सबाई असतील, शिक्षकाचं कुटुंब असेल, चंदगडहून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुणी असेल. परवानगी मात्र आधी घ्या, ‘नंतर नियमित करून घेऊ’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराचं ऐकू नका. जिना बाहेरून ठेवा, पण तो तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जाऊ द्या. आणि भाडेकरू बघायला येतील तेव्हा यजमानांना सुट्टी आहे म्हणून रविवार ठरवू नका. एरवीच्या दिवशी बोलवा आणि घर तुम्ही दाखवा. दिवसभर त्या माणसांबरोबर राहायचंय ते तुम्हाला.